याडीचा उघडा दंड

पुणे, ४ जानेवारी २००८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आपली आई, आपली याडी, रोज तांड्याबाहेर फिरून येते हे तुझ्या पत्रात वाचलं आणि जीव भांड्यात पडला. खरं ना रे? मास्तर झालास तरी न केलेला गृहपाठ केला म्हणून सांगायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या चालणाऱ्या माणसांचं रक्त तपासतोय. स्नायू राबले की त्यांतून काही प्रथिनं रक्तात उतरतात. त्यांनी साखर नीट वापरली जाते, रोगाशी लढणाऱ्या पेशी जाग्या होतात. कॅन्सरवर त्यांचा किती उपयोग, हे अजून कुणी छातीठोक सांगत नाही. पण याडीला छातीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, ते चुकवू नका. बापूंना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी निता

तांडा, पो. गोरेगाव, १५ जानेवारी

चि. निता हिस अनेक आशीर्वाद.

लिहायला लाज वाटते. चार महिन्यांत याडी अंगणापलीकडे गेलेली नाही. ऑपरेशननंतर हात सुजला आणि दंडातल्या पांढऱ्या बांगड्या कापाव्या लागल्या. बापू हयात असताना तिचा दंड विधवेसारखा उघडा, तांड्याला काय सांगायचं? डॉक्टर हिंदीत बोलले होते. मी याडीला खोटंच सांगितलं की बाजेवरून उठू नको म्हणतात. काल उभी राहताना ती गुडघ्यांतून खचली. आता कोणत्या तोंडाने खरं सांगू?

तुझा दादा देविदास

पुणे, २४ जानेवारी

ती. दादास नमस्कार.

आधी तुझा संताप आला, मग माझीच मान खाली गेली. दिवाळीत ती बाजेवर होती, जखम ओली असेल म्हणून मी विचारलंही नाही. उलट त्या दंडावर ओढणी ओढून देणारी मीच. आजच्या आज सांग.

निता

तांडा, २ फेब्रुवारी

चि. निता हिस आशीर्वाद.

सांगितलं. याडी म्हणाली की डॉक्टरचं हिंदी तिला तवाच समजलं होतं, रोज चाल म्हणून राहिला होता. मग काहून पडून राहिलीस, असं मी विचारलं. म्हणाली, लेकराला माझी लाज वाटून राहिली, मंग कशाला बाहेर निघू?

निता, मला वर बघवलं नाही.

आज सकाळी तिला धरून पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो. तीनदा बसली. तिथं पाणी भरणाऱ्या मोतीबाईने दंडाचं विचारलंच. याडीने माझ्याकडे बघितलं. मग मीच सगळ्या बायकांसमोर सांगितलं, कॅन्सर, ऑपरेशन, कापलेल्या बांगड्या, आणि चार महिने ती कुणामुळं पडून होती तेही. याडी म्हणाली की उद्या टाकीच्या पुढं जाऊ.

एवढ्यावरही भाऊ म्हणावंसं वाटलं तर उत्तर लिही.

देविदास