फरीदाबाद ते नागपूर, ताठ

३ सप्टेंबर, बुधवार
उशी आली. उशी म्हणणं बरोबर नाही. लंबर सपोर्ट. मेमरी फोम, मागे दोन पट्टे, रंग करडा. बायकोने, म्हणजे समताने, विचारलं, हे कशाला. सांगितलं, माझी कंबर दुखते त्यात माझा दोष नाही, खुर्चीचा आहे. फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्यायामाचं काय, असंही विचारलं. ते ज्यांच्याकडे उशी नाही त्यांच्यासाठी. ती स्वयंपाकघरात निघून गेली. पटलं असावं.

४ सप्टेंबर
उशी घेऊन मेट्रोने. चेकिंगला जवानाने हिंदीत विचारलं, साहेब, ऑफिसात झोपायला निघालात का. त्याला मणक्याचा नैसर्गिक बाक समजावला. मागे रांग थांबली होती. सगळे लक्ष देऊन ऐकत होते.

ऑफिसात पेच. अंडर सेक्रेटरी झाल्यापासून माझ्या खुर्चीच्या पाठीला पांढरा टॉवेल असतो. उशी टॉवेलवर लावली तर टॉवेल झाकला जातो आणि लोक मला अजून सेक्शन ऑफिसरच समजतील. टॉवेलखाली लावली. आता खुर्ची गरोदर दिसते. असो. आरोग्य आधी.

८ सप्टेंबर
दिवसभर ताठ. दुखणं कमरेतून डाव्या पायात उतरलंय. म्हणजे शरीराबाहेर पडायला लागलंय. सेक्शनमधला धीरज म्हणाला, सर, ये सायटिका तो नहीं. धीरज स्वतः कुबड काढून बसतो. त्याच्याकडून सल्ला नको.

१४ सप्टेंबर, रविवार
मोठा निर्णय. आईला दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचंय. आमच्याकडे फरीदाबादला राहायला आल्यापासून तिचं जाणं झालेलं नाही. दरवर्षी काहीतरी निघतं, बहुतेक वेळा माझं. यंदा समताने ऑगस्टमध्येच ट्रेनची तिकिटं काढून ठेवली होती. पण पाठीला असा आधार असताना ट्रेन कशाला? नागपूरपर्यंत गाडी मी चालवणार. समता म्हणाली, आपण आलटून पालटून चालवू. ती रोज बल्लभगढच्या शाळेत गाडीनेच जाते. तिला प्रेमाने सांगितलं, हायवे वेगळा असतो.

१५ सप्टेंबर
समता शाळेत असताना तिकिटं रद्द केली. सरप्राइज.

१६ सप्टेंबर
सरप्राइज कळलं. समता बोलत नाहीये.
आईला गाडीत बसवून उशीचा डेमो दिला. ही मला पुढे ढकलते, म्हणाली, आणि काढून बाजूला ठेवली. मग कशालाही न टेकता ताठ बसून राहिली. त्या पिढीला सायन्सचं वावडं.

२० सप्टेंबर
सराव म्हणून सूरजकुंडला चक्कर. ड्रायव्हिंग उत्तम. फक्त उतरताना लेकीला, उन्नतीला, माझे दोन्ही हात धरून मला ओढावं लागलं. बाबा, परत ट्रेन बघूया ना यार, असं म्हणाली. बघितलं. लांबच लांब वेटिंग. आता माघार नाही, आणि गरजही नाही.

२८ सप्टेंबर
उशीची जागा दोन बोटं वर घेतली. दुखणं तेच. दोन बोटं खाली घेतली. तेच. म्हणजे उशीत दोष नाही.

३० सप्टेंबर
पहाटे निघालो. उन्नतीची परीक्षा, म्हणून आम्ही तिघंच. आई नवी पांढरी साडी नेसून मागे. रात्रीचा मुक्काम सागरला, उद्या नागपूर.

(पलवलच्या पुढे, ढाब्यावर.) छोटा थांबा. उजवा पाय बाहेर काढला, डावा आलाच नाही. कमरेत अशी चमक भरली की अर्धा गाडीत, अर्धा बाहेर. फरीदाबाद अजून धड मागे पडलेलंही नव्हतं. समता म्हणाली, घरी परत जाऊ, यांना डॉक्टरला दाखवू. मलाही मनातून तेच बरं वाटत होतं. आईपुढे तसं म्हणालोही: पुढच्या वर्षी नक्की.

आई गाडीतून उतरून माझ्यासमोर उभी राहिली. "संघपाल, मला पुढचं वर्ष दिसेल याची गॅरंटी तुझी उशी देते का?"

मग समताने हात पुढे केला आणि मी चावी दिली.

मला मागच्या सीटवर आडवं केलं. डोकं आईच्या मांडीवर. इतका मोठा झाल्यावर बरं दिसत नाही, पण दुसरीकडे जागा नव्हती. तिथून समताला सूचना देत राहिलो. मथुरेजवळ तिने गाणी मोठ्याने लावली.

१ ऑक्टोबर
नागपूर. रात्र सागरच्या लॉजवर काढली. समताने सगळा रस्ता एकटीने चालवला. चुका काढण्यासारखं फार नव्हतं. उशी तिने घेतली होती. छान आहे म्हणते.

भावाच्या घरी सतरंजीवर पडून आहे. डॉक्टर येऊन गेले. सायटिका. धीरजला कळवणार नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
समता आणि आई सकाळीच गेल्या. मी छत बघितलं. संध्याकाळी परतल्या तेव्हा आईचे पाय सुजलेले आणि चेहरा उजळलेला. लाखो माणसं होती म्हणाली, पण धक्का कुणाचा लागला नाही, समताने हात सोडलाच नाही. स्तूपापुढे उभी राहिल्यावर तुझ्या बाबांची आठवण आली, एवढंच सांगितलं आणि बराच वेळ माझ्याजवळ बसली.

नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, सूनबाईनं आणलं. मी दुरुस्ती केली: आणलं मीच, समताने फक्त गाडी चालवली. कुणी ऐकलं नसावं. आवाज जमिनीलगतून येत होता.

४ ऑक्टोबर
उद्या परत निघायचं. समता चालवणार, आई पुढे. इंदुमती आत्याला एकदा दिल्ली बघायची आहे, तीही येतेय. मागची सीट तिला आणि तिच्या बोचक्यांना. सगळं माझ्या डोक्यावरून ठरलं, शब्दशः. शेवटी विचारलं, मग मी कुठे बसू?

आई बोचकं बांधता बांधता म्हणाली, "तुला बसता कुठं येतंय?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. पण ते द्यायला उठावं लागलं असतं.