सईने स्वतः बेतलेला फ्रॉक

गुरुवार, १० ऑगस्ट २००६, बॉटनी डाउन्स

आज नातीच्या शाळेत गेले होते. सईला वर्गात एका जुन्या काळच्या अमेरिकन बाईवर बोलायचं होतं. त्या बाईने म्हणे कपडे बेतायचे कागदी नमुने घरोघरच्या बायकांना विकले, केवढा धंदा उभारला. आम्हीही रद्दीच्या पेपरवरच ब्लाउज बेतायचो की. पण तो कागद विकावा, हे कुणाला सुचलं? बाई हुशार खरी.

तर तसलाच नमुना आणून सईने फ्रॉक शिवला, तोही मी पुण्याहून आणलेल्या कापडाचा. कात्री हातात घेऊन म्हणाली, "आजी, यू जस्ट वॉच." मी हात मांडीखाली दाबून बसले. असे शिवशिवत होते, काय सांगू. बाह्या कापताना तर डोळेच मिटले. कापड वाया गेलं असतं तर?

आज तोच फ्रॉक घालून न अडखळता बोलली. टीचरने माझ्याकडे बोट करून विचारलं, आजीने शिवला का?

"नो, आय मेड इट."

एवढं इंग्रजी मला कळतं. हात पुन्हा मांडीखालीच होते. ते काढून टाळ्या वाजवल्या. वर्गात मी एकटीच वाजवत होते, तरी थांबले नाही.