दोन म्हणजे किती

५ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

“हिचं पोट पोटात नाही, डोक्यात दुखतं.” तू पंधरा वर्षांची होतीस. तपासणीच्या उंच पलंगावर गुडघे छातीशी घेऊन पडली होतीस, आणि डॉक्टर हे तुला नाही, आईला सांगत होते. मी सात वर्षांची. डॉक्टर म्हणाले म्हणजे खरंच असणार, म्हणून घरी आल्यावर मी तासभर तुझं डोकं चेपत बसले होते. एकतीस वर्षं झाली. ते डॉक्टर आता हयातही नाहीत, पण आज तुझं पाकीट उघडलं आणि त्यांच्यावर नव्यानं संतापले.

औषधाच्या चाचणीत तुला घेतलं नाही, हे पत्र तू मला विजेचं बिल पुढे पाठवावं तसं पाठवलंस. सोबत त्या डायरीची प्रत. चौदा दिवस, पोट किती दुखलं याचा रोज शून्य ते दहामधला एक आकडा लिहायचा. सरासरी निदान तीन आली की तू आत. आणि तू काय लिहिलंस? दोन, दोन, दोन. एका दिवशी तर चक्क एक! ताई, अकरा फेब्रुवारीला मी तुझ्याकडेच होते. न्हाणीघराच्या फरशीला गाल टेकून तू पडली होतीस. आईला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात टॉवेल कोंबला होतास. त्या तारखेपुढेही दोन?

गोळी तरी काय जगावेगळी आहे? शिंकांवरची, जुनीपुराणी. माझ्या औषधांच्या काउंटरमागे तिसऱ्या फळीवर तिचे खोके आहेत, रोज दहा जणांना देते. तीच गोळी तुझ्यासारख्या पोटदुखीला उपयोगी पडते का, एवढंच आमच्या हॉस्पिटलला पाहायचं आहे. तुझ्यासाठी फॉर्म आणायला मी तीन वेळा जिना चढले होते. महिनाअखेर नावं घेणं बंद होईल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तुला किती दुखतं असं विचारलं, आणि तू खोटं सांगितलंस!

आईला नमस्कार. राग उतरेल तेव्हा उतरेल, माया कुठे जात नाही.

तुझी
ठिणगी

९ मार्च

चि. ठिणगीस अ. उ. आ.

तुझं पत्र हातात धरवेना इतकं तापलेलं होतं. बाबांनी तुझं नाव अगदी जोखून ठेवलं होतं.

पण खोटं म्हणालीस ते मला लागलं. बावीस वर्षं मी कोर्टात लघुलेखिका आहे. साक्षीदार चुकीचं बोलला तर चुकीचंच टिपते, अडखळला तर अडखळणंही टिपते. डायरीच्या पहिल्या पानावर काय छापलंय ते वाचलंस का? दहा म्हणजे तुम्ही कल्पना करू शकाल अशी सर्वांत वाईट वेदना. कल्पना! मला कल्पना करावी लागत नाही गं. गेल्या वर्षी एक बाई साक्षीला आली होती, कपडे धुण्याच्या कारखान्यातली. तिचा हात इस्त्रीच्या मशीनच्या गरम रुळांत कोपरापर्यंत गेला होता, आणि मशीन बंद करायची कळ सहकाऱ्यांना सापडेना. हे सगळं तिनं भाजीचा भाव सांगावा अशा आवाजात सांगितलं. मी शब्द न् शब्द घेतला. दहा तिचे. मग माझ्या पोटाला किती द्यायचे? मी नीट विचार करून दोन दिले.

राग मलाही येतो. परवा पोटात कळ आली म्हणून मी दुसऱ्यांदा उठण्याची परवानगी मागितली. न्यायाधीशांनी भर कोर्टात विचारलं की बाईंचा आज असा कितीदा उठायचा बेत आहे. सगळे हसले. मग त्यांनी नोंद सांगितली, की लघुलेखिकेच्या विनंतीवरून कामकाज पाच मिनिटं तहकूब. ती नोंद घेणारी मीच! आमच्याकडे हशा झाला की तोही कंसात लिहायचा असतो. तो लिहिला आणि मगच उठले.

गंमत म्हणजे आईला विचारलं, तुझ्या गुडघ्याला किती देशील? म्हणाली, एवढ्याशा दुखण्यावर आकडा कशाला वाया घालवायचा. हीच आई सकाळी जिना बसून बसून उतरते.

रागावून झालं असेल तर दोन ओळी गोड लिही.

तुझी
ताई

१४ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काउंटरवरच वाचलं आणि डोळे वाहायला लागले. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या एका आजोबांना वाटलं, मला ॲलर्जी झाली. त्यांनी मला तीच शिंकांची गोळी घेऊन बघायला सांगितलं!

मग ॲप्रन न काढताच तडक चाचणीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. जेवढं भांडता येईल तेवढं भांडले. त्यांनी ऐकून घेतलं, बाई वाईट नाहीत. पण म्हणाल्या की आकडा तो आकडा. कारखान्यातली बाई संगणकाला कशी सांगणार? तिनाच्या खाली आले म्हणून आजवर किती जणांना परत पाठवलंत, असं विचारलं. एकतीस. त्यांतल्या कितींना तुमचे दोन म्हणजे काय असं विचारलंत, म्हटल्यावर त्या पेनाचं टोपण लावत बसल्या. म्हणजे इथेही तेच! पूर्वी डोक्यात दुखत होतं, आता पुरेसं दुखत नाही. माणसानं किती दुखून घ्यायचं, तेवढं सांगा म्हणावं.

संध्याकाळी त्यांची परिचारिका माझ्या काउंटरशी आली. हळूच म्हणाली, नियमात एकदा पुन्हा डायरी भरायची सोय आहे, फक्त ताईंना सांगा, जरा सढळ हातानं लिहा. कोरी डायरी सोबत पाठवते आहे. सोळापासून लिहिलीस तर एकोणतीसला चौदा दिवस भरतात. सहा लिही. जमत नसेल तर चार. ताई, नुसते चार! पुढे अर्ध्या लोकांना औषधाशिवायची गोळी मिळते हे माहीत आहे, पण निदान दारातून आत तरी ये.

आणि एवढंही होत नसेल तर खड्ड्यात गेली चाचणी. तिसऱ्या फळीवरचा खोका मी स्वतः पाठवते.

हट्टीपणा आईकडून घेतलास, थोडा सोडलास तरी नातं तुटणार नाही.

तुझी
ठिणगी

३० मार्च

चि. ठिणगीस अ. उ. आ.

डायरी भरली, टपालात अडकू नये म्हणून माणसाहाती पाठवते आहे. उघडून किंचाळू नकोस.

पहिल्या दिवशी सहा लिहायला म्हणून पेन हातात घेतलं. हात काही चालेना. तेरा दिवस दोनच आहेत. एका दिवशी तीन आहेत, कारण त्या दिवशी खरोखर तीन होते. पण या वेळी प्रत्येक आकड्याखाली, कोर्टात घेते तसं, घडलं ते लिहिलं आहे. दोन: कोर्टाच्या जिन्यात वळणावर बसून राहिले, वकील मला ओलांडून गेले. दोन: दुपारी उठावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणीही प्यायले नाही. दोन: आईला वाढलं, स्वतः ताटाशी बसून जेवल्यासारखं केलं. तिनाचं इथे सांगत नाही, तूच वाच.

लिहिता लिहिता मलाच माझा संताप आला. एका बाईचा शब्द न् शब्द मी घेतला, आणि स्वतःची साक्ष एका आकड्यात उरकत होते.

आईनं डायरी माझ्या नकळत वाचली. तिचा चष्मा पानांतच राहिला होता. संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवरून हाक मारली, म्हणाली, जरा हात दे. आजवर कधी मागितला नव्हता.

खोका पाठवू नकोस. रोज किती घ्यायच्या आणि किती दिवस, हे तुला तरी कुठे ठाऊक आहे? आणि चोरून घेतलेल्या गोळीनं बरं वाटलं काय, नाही वाटलं काय, ते कुठल्याच कागदावर येणार नाही. मग अजून कुणा पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईला कुणीतरी तेच वाक्य ऐकवेल. मला नुसती गोळी नको आहे, मोजणीत यायचं आहे.

लोभ तुझा आहेच, म्हणून हे काम तुलाच सांगते. उद्या शेवटचा दिवस. ही डायरी घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर बस, आणि आकड्यांखालच्या ओळी त्या वाचून संपवेपर्यंत उठू नकोस. माझा एकही आकडा वाढवायचा नाही. सरासरी दोनच्या जेमतेम वर येते, मी काढली आहे. त्या नियम दाखवतील आणि नाही म्हणतील, हे मला आत्ताच दिसतं आहे. तरी माझ्या शब्दांत विचार, की माझ्या दोनवरच मला आत घ्याल का?

तुझी
ताई