वळणावरचा हॉर्न

हॅलिफॅक्स, कॅनडा

ती. भाईंना गौरजाचा वाकून नमस्कार.

गाडीचं लायसन मिळालं, हे आईला आधी सांगा. पहिल्या वेळी नापास झाले होते, ते मुद्दामच कळवलं नव्हतं.

उजव्या बाजूने चालवणं जमलं होतं. पण आंधळं वळण आलं आणि मी हॉर्न दिला. मिठबावच्या घाटीत तुम्हीच शिकवलेलं, "वळण इला की हॉर्न दी गो, पलीकडचो माणूस आपलोच आसता." इथे हॉर्न देणं म्हणजे समोरच्याला झापणं. पलीकडे कुत्रा फिरवणाऱ्या आजी दचकल्या आणि माझीच माफी मागू लागल्या. परीक्षकाने कागदावर काहीतरी लिहिलं.

आता वळणावर वेग कमी करते आणि गप्प राहते. अंगठा मात्र अजून हॉर्नपाशी जातो.

कलमांना मोहोर आला का? आईचा गुडघा कसा आहे?

गुरुप्रसाददादा म्हणाला, हल्ली तुम्हाला दोनदा हाक मारावी लागते. आणि बाजाराला तुम्ही अजून स्कूटरनेच जाता. रागावू नका, आणि मी लपवलं तसं लपवूही नका. वळणावर तुमचा हॉर्न पलीकडच्याला ऐकू जातो. पण भाई, त्याचा तुम्हाला ऐकू येतो का?

तुमची,
गौरजा