निरोगी माणसाच्या डोक्याचा फोटो

४ ऑगस्ट, सोम.
तीनही एमआरआय वाया. आमचे डॉक्टर सर स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करतात, त्यासाठी मेंदूचे फार बारीक फोटो लागतात, म्हणजे बारा मिनिटं डोकं हलायला नको. घाटंजीच्या काकांना माईकवर विचारलं, "काका, बरं वाटते ना?" त्यांनी मान डोलावली. फोटोत दोन नाकं.

६ ऑगस्ट, बुध.
दोष मशीनचा नाही, माझा. म्हाताऱ्या माणसाला नळीत घालून विचारपूस न करणं मला जमत नाही, अन् विचारल्यावर गप्प राहणं त्यांना. नेरच्या आजीने तर आतूनच विचारलं, "माय, तू जेवली काय?" मी "हो" म्हटलं. सरांनी कपाळाला हात लावला. उद्यापासून माईक बंद. हातात रबरी चेंडू, त्रास झाला तरच दाबायचा.

११ ऑगस्ट, सोम.
फोटो सुधारले, सर खूश. आता तुलनेसाठी निरोगी म्हातारे हवेत. मी बाबांचं नाव दिलं. निवृत्त मुख्याध्यापक, मारेगाव, तब्येत ठणठणीत. मागच्या महिन्यात बाजारातून घरचा रस्ता विसरले होते, ते नाही सांगितलं. फोटो चांगला निघाला की माझ्या जिवाला घोर राहणार नाही, एवढाच स्वार्थ.

१३ ऑगस्ट, बुध.
बाबा फोनवर: "मले काही झालं नाही, मी कायले येऊ?" म्हटलं, म्हणूनच या, निरोगीच पाहिजेत. एकदम फुलले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं की यवतमाळचे डॉक्टर हेडमास्तरांच्या डोक्याचा नमुना घेणार.

१८ ऑगस्ट, सोम.
इस्त्रीचा सदरा घालून आले. गाऊन घाला म्हटलं तर रुसले. पण आत बारा मिनिटं हू की चू नाही. मीच दोनदा माईककडे हात नेला.
बाहेर येऊन चपला घातल्या अन् विचारलं, "आता आत कधी जायचं?"
"झालं, बाबा."
"असं काय," म्हणाले, आणि परत बाकावर बसून नंबराची वाट पाहायला लागले. मला आधी हसू आलं. मग भीती वाटली.

१९ ऑगस्ट, मंगळ.
आजवरचा सगळ्यांत स्वच्छ फोटो. सर बराच वेळ बघत होते. मलाही थोडंफार कळतं त्यातलं, पण मी टेबल पुसत राहिले.
"काम फर्स्ट क्लास," सर म्हणाले. मग हळूच, "निरोगीच्या यादीत नाव तूच लिहिलं ना? तसंच ठेवायचं काय?"
यादी अजून माझ्यापाशी आहे. बाबांचे दोन फोन येऊन गेले. पास झालो काय, विचारून राह्यले.