भिंतीवरचा दुसरा फोटो

३ मार्च

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आणि समारंभाची पत्रिका, दोन्ही पोचलं. कागद चांगला निवडलास. डावी कड कापताना जरा तिरकी गेली आहे, तेवढं छापखान्याला सांग. तुझ्या वजन उतरवण्याच्या वर्गाला पंचवीस वर्षं होतात, अभिनंदन. कार्यक्रमात 'भावाचे मनोगत' अशी ओळ मला न विचारता छापलीस, पण येईन. बोलेनही.

इकडे सगळं ठीक. वकिलांच्या काळ्या कोटांचं काम आलं आहे. काळ्यावर काळा दोरा, चष्म्याचा नंबर वाढणार. ही बरी आहे. पोरीची परीक्षा तोंडावर आली.

सुट्टीत तिला दोन महिने तुझ्याकडे पाठव, 'तुला केलं तसं तिलाही सरळ करते,' असं लिहिलं आहेस. ते जमणार नाही. तिचं पोट हल्ली बरं नसतं. कधी चार दिवस साफ होत नाही, कधी एकदम बिघडतं. मागच्या महिन्यात तू येऊन गेलीस, सगळ्यांसमोर तिचा दंड चिमटीत धरून "अगंबाई, ही तर अंगानं थेट बापावर गेली!" म्हणालीस, तेव्हापासून असं चाललं आहे. तुझा त्यात काही संबंध आहे असं मी म्हणत नाही. फक्त कधीपासून ते सांगितलं.

पोटावरून आठवलं. माझं एक गिऱ्हाईक आहे, माझ्याच वयाचं, अंगानं भरलेलं. झोपलं की आंबट पाणी घशाशी येतं म्हणून बिचारं उशा रचून बसल्या बसल्या झोपतं. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलं.

"सकाळी काय खाता?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"दुपारी?"

"चहा."

"मग वजन काय वाऱ्यावर वाढलं?"

गिऱ्हाईक हसलं, आणि हसता हसता सगळं सांगून बसलं. दिवसभर निग्रहानं उपाशी राहायचं आणि मग कुणी नसताना तुटून पडायचं. चव लागत नाही, हात थांबत नाही, पोट दुखायला लागलं तरी घास चालूच. बाई म्हणाल्या, "उपाशी राहता म्हणून तुटून पडता. तुटून पडता म्हणून वजन वाढतं. पोटाचा घेर वाढला की जठरावर दाब येतो, आतलं आंबट वर चढतं. मग लाज वाटते, की दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास. हा हावरटपणा नाही, आजार आहे. तो बरा करता येतो. कधीपासून आहे हे?"

"आई गेली तेव्हापासून," गिऱ्हाईक म्हणालं.

असो. गिऱ्हाइकांच्या गोष्टी किती लिहाव्यात. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ


२२ मार्च

ताई,

माझ्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही, पार्सल आलं. तेही पोरीच्या नावानं. मी दुकानात होतो, तिनंच फोडलं. निळा फ्रॉक, तिच्या मापाला दोन नंबर लहान, आणि वर तुझी चिठ्ठी: 'सुट्टी संपेपर्यंत यात मावलीस तर वर्गाच्या भिंतीवर तुझाही फोटो लावीन.'

शिंप्याच्या पोरीला दुकानातला तयार कपडा! बरं, तोही आतून बघितलास का? शिवणीत माया सोडलेलीच नाही, म्हणजे उसवून वाढवायला आत बोटभरही कापड नाही. गळ्याची पट्टी ओढलेली. काखेत सुरकुती. मी असा कपडा शिकाऊ असताना शिवला असता तरी उसवला असता.

त्या दिवसापासून शाळेतून तिचा डबा भरलेला परत येऊ लागला. ही म्हणाली, परीक्षेची धास्ती असेल. मला कळलं होतं, पण बोललो असतो तर मला कसं कळलं तेही सांगावं लागलं असतं.

शुक्रवारी दुपारी दुकान जेवणासाठी बंद केलं, कारागीर घरी गेले. दुकानाच्या मागच्या बाजूला कपडे घालून बघायची खोली आहे: एक आरसा, एक स्टूल, एक जाड पडदा. मी पडदा सरकवला. आत पोरगी जमिनीवर बसलेली. शाळा लवकर सुटली होती, मागच्या दारानं आली असावी. मांडीवर पावाचं अख्खं पाकीट, निम्मं संपलेलं. नुसता पाव, कोरडा. चावतही नव्हती धड.

"बाबा, मी फक्त..." म्हणत तिनं पाकीट पाठीमागे लपवलं. मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली.

माझ्या हातात बेकरीचं खोकं होतं. अख्खा केक. दोरीसुद्धा सोडून तयार ठेवली होती.

"तुम्ही पण?"

"मी पण."

तर ते गिऱ्हाईक कुणी नव्हतं, ताई. तू ओळखलंच असशील, म्हणून तर उत्तर न देता फ्रॉक पाठवलास. ही खोली मी दुकान घेतलं तेव्हा स्वतः आखून बांधून घेतली. पडदा जाड लावला, कारण बारीक पडद्यातून सावली दिसते. माझ्या बायकोला हे माहीत नव्हतं. तिला वाटायचं, दुपारी मी इस्त्री करतो.

मी पोरीशेजारी खाली बसलो. माझं बसणं म्हणजे काय प्रकार असतो ते तू चारचौघांत नक्कल करून दाखवतेस, तेव्हा सांगायला नको. तिचं पोट दगडासारखं फुगलं होतं. ती रडत म्हणाली, "पण आत्या सांगते, तुम्ही तिच्याकडे राहून बारीक झालात. फोटो आहे ना भिंतीवर."

तेव्हा मी तिला त्या फोटोची गोष्ट सांगितली. तीच तुला सांगतो, कारण ती तुलाही माहीत नाही.

तुझ्या भिंतीवर माझे दोन फोटो आहेत. पहिला उघड्या अंगाचा. तुझ्या मैत्रिणी दारात उभ्या राहून हसत होत्या आणि तू म्हणालीस, "पोट आत घेऊ नकोस हं, खरं दिसू दे." दुसरा कोटातला. खाली लिहिलं आहेस: 'सोळा किलो कमी!' आणि माहितीपत्रकात 'काळ्या कोटातला सडपातळ तरुण'. आधी हे की कोट काळा नव्हता. गडद राखाडी होता, उभ्या बारीक रेघांचा. आपल्या वडिलांचा जुना कोट मी टाका टाका उसवून पाहिला आणि शिवणकाम त्यावर शिकलो. मला कुणी शिकवलं नाही. मग हा स्वतः शिवला. खांद्याला दुप्पट पॅड घातले, म्हणजे कंबर आपोआप बारीक दिसते. छातीला ताठ कॅनव्हास. बटण दोन बोटं वर. पाठीत दोन लांब टक्स, म्हणजे कापड आत ओढून घेणाऱ्या चुण्या. मी शिंपी झालो तो पोट लपवायला, ताई. तू सगळ्यांना सांगतेस की तुझ्यामुळे मी माणसात आलो. आलो तो कात्रीमुळे.

वजन उतरलंच नव्हतं. पहिल्या फोटोपेक्षा वाढलं होतं. तू मला त्या दिवशी काट्यावर उभं केलंच नाहीस. कोटाकडे बघून खूश झालीस आणि सोळा किलो आकडा मनानंच ठरवलास. पंचवीस वर्षं तुझ्या वर्गातल्या बायका माझी शिलाई बघून उपाशी राहतात.

आई गेल्यावर तूच सगळ्यांना वाढायचीस. माझ्या ताटात मोजून, तेही सगळ्यांचं झाल्यावर. कपाटाची किल्ली तुझ्या गळ्यात. आणखी मागितलं की "भस्म्या झालाय मेल्याला!" तू बाहेर पडलीस की मी थंड बटाटे, साखर, कच्ची कणीक, जे हाती लागेल ते खायचो. उभ्यानं. रात्री पोट जळायचं. दर रविवारी तू एरंडेल पाजायचीस आणि नाक दाबून धरायचीस. माझ्या आतड्यांची वाट तिथून लागली. सगळे म्हणतात, एवढीशी पोर, तिनं घर सांभाळलं. सांभाळलंसच. ते मी नाकारत नाही, आणि माफही करत नाही.

मी समारंभाला येतो आहे. कोट अजून माझ्याकडे आहे, तो घेऊन येतो. अस्तर उसवून पॅड कुठे, कॅनव्हास कुठे, टक्स कुठे ते एकेक दाखवीन. मग बेकरीच्या खोक्याचं सांगीन. पडद्याचंही.

ही म्हणाली, "चारचौघांत स्वतःचा तमाशा कशाला करून घेता?" मी म्हटलं, "तमाशा भिंतीवर चालूच आहे, तिकिटं ताई फाडते." यावर ती हसली नाही. तिला ठाऊक आहे की समोर माझी निम्मी गिऱ्हाइकं बसलेली असतील, ती तुझ्याच गावची. वकील, डॉक्टर, बँकेतले साहेब. त्यांची पोटं मी आजवर झाकत आलो, आता माझं त्यांना कळेल. धंद्यावर परिणाम होईल कदाचित. मान तर खाली जाईलच. माझी मान किती ताठ ते तुला माहीत आहे, म्हणूनच तुझी खात्री होती की हा कधी तोंड उघडणार नाही. चुकलीस. नुसत्या माझ्यासाठी उघडलं नसतंही.

'भावाचे मनोगत' खोडायचं असेल तर खोड. मी शेवटच्या रांगेतून बोलेन. या देहाचा एक फायदा आहे, उभा राहिलो की लोक वळून बघतात.

फ्रॉक परत पाठवत नाही. त्याची इस्त्रीखाली धरायची फडकी केली, चार निघाली. पोरगी सुट्टीत इथेच राहील. तिला आणि मला डॉक्टरीणबाईंनी एकच काम दिलं आहे: ठरल्या वेळी, टेबलावर बसून, कुणाच्या तरी सोबत जेवायचं. भूक लागली म्हणून लाजायचं नाही. काल ती अर्धं जेवण टाकून उठली. आज सकाळी अर्ध्यावर नाही उठली.

आता दुपार झाली आहे. तिनं दोन ताटं मांडली आहेत आणि "बाबा, पत्र नंतर" म्हणून दोनदा हाक मारली आहे, तेव्हा थांबतो.

पत्राच्या शेवटी मोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. लहानांना जे द्यायचं ते मी समोर बसून देतो आहे. मोठ्यांना द्यायचं ते त्या दिवशी, माइकवर.

तुझा भाऊ