बॅट फेकायची नाय

अण्णा, मी बेसबॉल खेळतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला तुम्ही नीट बूड टेकून बसाल. पन्नाशी कधीच मागं पडली, गुडघा कुरकुरतो, पोट पट्ट्याच्या वर येऊन बघतं, आणि तरी दर रविवारी सकाळी मी टोपी घालून हर्सूलकडच्या मैदानावर हजर. आमच्यात सगळे असेच हौशी. वाळूजच्या कंपन्यांतले फिटर, सुपरवायझर, एक वकील, एक मेडिकलवाला. बघायला काळं कुत्रं येत नाय. आल्या तर कुणाच्या तरी म्हशी येतात, आणि त्या हाकलून होईपर्यंत खेळ थांबतो. पोरगा पुण्याला गेल्यापासून रविवार मला खायला उठायचा. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी बायकोशी भांडण. आता रविवारची वाट शुक्रवारपासूनच बघतो.

खेळ तुम्हाला समजावून सांगतो. स्टंप वगैरे काय नाय. एक चौकोन, त्याच्या चार कोपऱ्यांना चार बेस. समोरचा चेंडू फेकतो, आपण बॅटनं मारायचा, आणि मारला की बॅट तिथंच टाकून पहिल्या बेसकडं पळत सुटायचं. आपल्याआधी चेंडू तिथं पोचला की आपण आऊट. चारी कोपरे फिरून घरी आलो की एक रन. मारायला मी बरा आहे, लहानपणापासून हाताला सवय आहे. माझं गाडं अडतं ते बॅट टाकण्यापाशी.

का अडतं ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक? देवगावच्या आपल्या रानात कांद्याची खुरपणी चाललीय, मी कंटाळलोय, आणि बांधावर गाभुळल्या चिंचा दिसल्यात. मी हातातलं खुरपं फेकतो आणि पळतो. तुम्ही ओरडत नाय. तुम्ही तुमची ओळ सोडून येता, मला दंडाला धरून परत आणता, ते खुरपं उचलायला लावता, कपाळाला लावायला लावता आणि हळूच खाली ठेवायला लावता. मग म्हणता, "ज्यानं आपलं पोट भरतं ते फेकायचं नसतं." त्या दिवशी चिंचा मिळाल्या नाहीत. मार बसला असता तर विसरलोही असतो, पण तुम्ही मारलं नाय ना, तेच अंगात मुरलं. खंडेनवमीला तर आपल्याकडं ओसरीवर कुऱ्हाड, विळा, खुरपं, पेरणीची पाभर, सगळं धुऊन-पुसून मांडलेलं असायचं, आणि आई भज्यांची कढई सोडून हळदकुंकू घेऊन यायची. त्याच वर्षी तुम्ही सुताराकडून पाभरीच्या उरलेल्या बाभळीची बॅट करून आणलीत आणि तीही त्या रांगेत ठेवलीत. ती एवढी जड होती की पहिल्या आठवड्यात चेंडूपेक्षा माझ्याच नडगीला जास्त लागली. पण रांगेत बसली म्हणजे तीही अवजारच झाली.

तर आता इथं काय होतं ते बघा. मी चेंडू जोरात मारतो. सगळे ओरडतात, पळा. मी वाकतो, बॅट अलगद जमिनीवर ठेवतो, झोपलेलं लेकरू ठेवावं तशी, आणि मग पळतो. तोवर पहिल्या बेसवरचा माणूस चेंडू हातात घेऊन, जणू चहा पिऊन, माझी वाट बघत उभा असतो. आमचा कप्तान शहागंजकडचा, माझ्या पोराच्या वयाचा. तो आधी हसायचा, "चाचा, बल्ले को कायकू सुलाते? फेको और भागो." मी होय म्हणायचो. पुढच्या वेळी पुन्हा वाकायचो. खंडेनवमीला मी टीमच्या सगळ्या बॅटी घरी आणून पुजल्या, तेव्हा त्यानंच फोटो काढले, पण महिनाभरानं त्याचंही हसू आटलं.

मागच्या रविवारी त्यानं मला बाजूला घेतलं. त्याला बोलायला जड जात होतं, मान खाली घालूनच बोलला. नवीन एक पोरगा यायचा म्हणतोय, जागा नऊच. या रविवारी असंच आऊट झालात तर पुढं तुम्ही बाहेर बसून आम्हाला सांभाळा, असं म्हणाला. सांभाळा म्हणजे पाण्याच्या बाटल्या. अण्णा, मला भेव वाटलं. हसू नका, पण मागं एकदा नोकरी जाता जाता वाचली तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं. मला बाहेर बसायचं नव्हतं.

मग आठवडाभर गच्चीवर सराव. जुनी गादी टाकली, रिकामी बॅट फिरवायची आणि गादीवर फेकायची. हात काय ऐकेना. गादीवरही मी ती अलगदच ठेवायचो. बायको वाळवणाच्या कुरडया राखत बसलेली. ती म्हणाली, "माझी भांडी तेवढी आदळता, अन् या लाकडाला हळदी लावता व्हय? फेका की. अण्णा काय बघायला बसलेत का?" तेच तर, बसलेत असंच मला वाटायचं.

आज सामना झाला. शेवटची बारी, दोन्ही बाजूंच्या रन सारख्या. आमचे दोन गडी बाद, तिसरा गेला की बारी खलास, मेडिकलवाला तिसऱ्या बेसवर, आणि बॅट माझ्या हातात. हिशोब सोपा होता. मी पहिल्या बेसवर चेंडूआधी पोचलो तर मेडिकलवाल्याची रन धरायची आणि आम्ही जिंकलो. नाय पोचलो तर त्याची रनही गेली आणि माझी जागाही गेली. चेंडू आला, मी फिरवली, आणि लागला तो कसा, तर मरतुकडा. घरंगळत निघाला. असला चेंडू की एक पाऊल वाया गेलं तर संपलं. कंबर वाकायला लागली होती, अण्णा, सवयीनं. आणि तशा अर्ध्या वाकल्यातच मी बॅट भिरकावून दिली. खाली टाकली नाय, भिरकावली. ती कुठं पडली बघितलं नाय. पळत सुटलो. टोपी उडाली, गुडघा बोंबलला, मागून सगळी टीम आईबापाच्या नावानं ओरडत होती. बेसवर पाय पडला आणि मग चेंडू त्या माणसाच्या हातात थप्पकन बसला. अंपायरनं दोन्ही हात पसरले, म्हणजे मी वाचलो. कप्तान येऊन मला असा बिलगला की दोघंही खाली पडलो.

घरी आलो, आंघोळ केली, दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि हे लिहायला बसलो. बायको विचारते, काय एवढं लिहिताय. म्हटलं, कंपनीचं काम. हे पाठवायला तुम्ही गेलात तिकडचा पत्ता कुठाय? घडी करून शर्टाच्या खिशात ठेवीन, आणि बायको ती बहुतेक शर्टाबरोबर भिजवून टाकील.

खरं सांगतो अण्णा, बसलो होतो तुमची माफी मागायला. पहिल्या ओळीतच मागणार होतो. इथवर आलो तरी लिहवेना, कारण मनात नाय. लई बरं वाटलं फेकताना. पुढच्या रविवारी पुन्हा फेकणार आहे.